बेरिटबाईंचं सांगायचं राहिलं होतं

आधीच सांगते, या सदरातल्या अनुभवांची मी आजवर यथेच्छ टिंगल केलेली आहे. चकवा, पिंपळ, पांढरी साडी... चला, पुढचा – असं म्हणत मी ते नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवायचे. मी सॉफ्टवेअर टेस्टर. एखादी गोष्ट पुन्हा करून दाखवता आली नाही तर ती झालीच नाही असं आमच्या धंद्यात धरतात, आणि मी घरीही तशीच आहे. देवाला नमस्कार करते, तोही सवयीने. त्यामुळे हे लिहायला बसले तर माझाच मला राग येतोय. पण डोक्यातून जात नाही. संदीप – माझा नवरा – परवा वैतागून म्हणाला, "एकदाची लिहून टाक आणि माझं डोकं खाणं बंद कर." तर लिहिते.

२००८ चा हिवाळा. आम्ही तेव्हा लंडनजवळ वॉटफर्डला राहायचो, कॅसिओबरी पार्कपासून जवळ. एकाला एक चिकटलेली विटांची घरं, मागे हातभर गार्डन, आणि दोन गार्डनच्या मधे छातीएवढं लाकडी कुंपण. मी रोज ट्रेनने युस्टनला जायचे, संदीप सोमवार ते गुरुवार बर्मिंगहॅमला क्लायंटकडे. नोव्हेंबरात आई नागपूरहून आली. बाबांना जाऊन वर्ष झालं होतं आणि तिकडे ती एकटी नुसती भिंतीकडे बघत बसते असं मावशी म्हणाली, म्हणून मीच हट्टाने व्हिसा काढला. आईला इंग्रजी येत नाही. थँक्यू, सॉरी आणि "नो फिश" – संपलं.

शेजारी बेरिटबाई. पंच्याहत्तरीच्या. मूळच्या नॉर्वेच्या, तेही पार वरच्या टोकाच्या – आर्क्टिक समुद्राच्या काठी एक छोटंसं कोळ्यांचं गाव आहे, तिथल्या. गावाचं नाव देत नाही, त्यांच्या मुलाने तशी विनंती केली आहे. तरुणपणी नर्सिंगला इंग्लंडात आल्या, इथल्याच माणसाशी लग्न केलं, तो माणूसही वारला. त्या उन्हाळ्यात बाईंना स्ट्रोक आला. हातपाय चालायचे, पण इंग्रजी साफ पुसली गेली. उरली ती लहानपणीची भाषा, आणि तीही धड नाही. मनात एक असायचं आणि तोंडातून भलताच शब्द निघायचा. वाईट हे की ते त्यांना कळायचं. बोलता बोलता थांबायच्या आणि टेबलावर मूठ आपटायच्या. भिंतीपलीकडून आम्हाला ऐकू यायचं.

मुलगा डेव्हिड, पन्नाशीकडे झुकलेला, एकुलता एक. हेमेल हेम्पस्टेडला राहायचा, ड्रायव्हिंग शिकवायचा. त्याला आईची भाषा येत नव्हती. तिने शिकवलीच नाही, आणि गावाचा विषय निघाला की उठून किचनमध्ये जायची म्हणे. एकदा कचऱ्याचा बिन बाहेर ठेवताना तो मला म्हणाला, "तिला मला काहीतरी सांगायचंय. उन्हाळ्यापासून. काहीतरी एकच आहे... माझा हात धरते, सुरू करते, आणि मग रडते." मी म्हटलं, दुभाषी? तर हॉस्पिटलने फोनवर दिली होती. ती बराच वेळ ऐकून म्हणाली, तुमच्या आई मोज्यांबद्दल बोलताहेत. हे सांगताना तो हसला आणि बिन तसाच अर्ध्या रस्त्यात सोडून घरात गेला.

आईची आणि बेरिटबाईंची ओळख वाळत घातलेल्या कपड्यांवरून झाली. नोव्हेंबरच्या त्या ओल्या हवेत आई कपडे बाहेर वाळत घालायची – "ऊन नसेल, वारा तर आहे ना." पलीकडून बेरिटबाईंनी हात लांब करून तिच्या साडीचा पदर चाचपून बघितला. आठवड्याभरात आई रोज दुपारी थर्मासमधे चहा घेऊन तिकडे जायला लागली. ही नागपुरी मराठीत, त्या नॉर्वेजियनमध्ये. मी ऑफिसात हा किस्सा कौतुकाने सांगायचे. म्हटलं, बरं झालं, दोघींचाही वेळ जातो.

मग एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "बेरिटबाईच्या गावी ना, दिवाळी होऊन गेली की सूर्य जाते तो संक्रांतीनंतरच येते. तवर भर दुपारी दिवे लावून राहतात."

"डेव्हिड आला होता का आज?"

"नाही बाप्पा. तिनेच सांगितलं."

"कुठल्या भाषेत?"

आईने मेथीची काडी बाजूला टाकली. "सांगितलं म्हणजे सांगितलं. भाषा काय पाहून राहिली तू?"

मी सोडून दिलं. टीव्हीवर काहीतरी बघितलं असेल. पण मग रोज काही ना काही यायला लागलं. घरं पाण्यात खांबांवर उभी, खाली होड्या. लाकडी मांडव घरापेक्षा उंच, त्यावर कॉड मासा जोडी जोडीने शेपटीला बांधून टांगायचा, वाऱ्यावरच वाळवायचा, मीठ लावायचं नाही. माशांच्या जिभा कापायचं काम पोरांचं, त्याचे पैसे पोरांना मिळायचे. वादळात घरापासून दुकानापर्यंत दोर बांधायचे, दोर सुटला की माणूस गेला. आणि सूर्य परत येतो त्या दिवशी शाळेला सुट्टी, सगळं गाव देवळामागच्या टेकडीवर. नखाएवढा सूर्य दिसतो आणि लगेच बुडतो... तरी लोक रडतात.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. आई कट्टर शाकाहारी आहे. सुपरमार्केटमधे माशांचा भाग आला की पदर नाकाला लावते. आणि ती मला कॉड कसा वाळवायचा ते सांगत होती, वर "वास येतेच, पण तिथे राहणाऱ्याला नाही जाणवत" हेही.

डिसेंबरात आईच्या सांगण्यात लढाई आली. जर्मन सैनिक गावात काही वर्षं राहिले, आणि माघार घेताना त्यांनी सगळं जाळलं. घरं, होड्या, मांडव, तारेचे खांबसुद्धा. स्मशानातलं छोटं चर्च तेवढं उरलं. लोकांना बोटींत भरून दक्षिणेला पाठवलं. बेरिटची आई गेली नाही. म्हातारा बाप, ही शाळकरी पोर आणि आपण स्वतः पोटुशी – अशी ती किनाऱ्यावरच्या एका गुहेत जाऊन लपली. नवरा त्याआधीच समुद्रात गेलेला.

"मग पुढे?" मी विचारलं. मलाही आता गोष्टीत इंटरेस्ट यायला लागला होता.

"पुढचं येत नाही तिला. तिथे आली की अडकते."

त्या रात्री मी नेटवर त्या गावाचा इतिहास काढून वाचला. जाळपोळ खरी. चर्च खरं. गुहांमधे लपून हिवाळा काढलेली कुटुंबं, तेही खरं. जिभांचं सुद्धा. मी लॅपटॉप बंद केला आणि उगाचच उठून घरातले सगळे दिवे लावले.

मग माझ्यातली टेस्टर जागी झाली. नाताळाच्या आधीच्या शनिवारी मीही आईबरोबर गेले आणि मोबाइलवर दोघींचं बोलणं रेकॉर्ड केलं. बेरिटबाई तुटक तुटक बोलत होत्या, आई "हो ना", "मग" करत होती. घरी आल्यावर आई म्हणाली, आज गुहेचं सांगितलं. तोंडाशी शिडाचं कापड लावलं होतं. दिवसा चूल पेटवायची नाही, धूर गस्तीच्या बोटीवरून दिसते. मी लगेच रेकॉर्डिंग लावलं.

"यातलं कुठलं वाक्य ते?"

आई ऐकत बसली. कपाळाला आठ्या. "काय म्हणून राहिली ही? मला नाही कळत."

"आई, आत्ता तासापूर्वी तुझ्यासमोर बोलल्यात त्या!"

"तिथे कळत होतं," आई म्हणाली. तिला स्वतःलाच त्याचं नवल वाटत नव्हतं, हे मला जास्त टोचलं.

सोमवारी ऑफिसातल्या एका नॉर्वेजियन कॉन्ट्रॅक्टरला ते ऐकवलं. मोठ्या शहरातला पोरगा, पण म्हणाला, बोली जुनी आहे, तरी कळते. हेडफोन लावून ऐकलं. "जेवलीस का विचारतेय. तुझी शाल छान आहे. पायात मोजे घाल, थंडी आहे. मग पुन्हा मोजे... मग चहा."

"गुहा? बोटी? धूर?"

"नाही. असलं काही नाही यात."

मी त्याला थँक्स म्हटलं, वॉशरूममधे गेले आणि दार लावून उभी राहिले. मला भीती वाटली. कशाची ते सांगता येत नाही. लहान मुलाला वाटते तशी साधी भीती.

घरी येऊन आईला म्हटलं, तिकडे जाणं बंद कर. आईने ऐकून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी थर्मास भरला. मी चिडले, तर म्हणाली, "बाळंतीण अडते ना, तशी अडलीय ती. अशीच सोडून येऊ?" पण तिची स्वतःचीही झोप उडाली होती. अर्धी पोळी खाऊन उठायची. घरात या खोलीतून त्या खोलीत फिरायची, मागच्या दाराशी जाऊन उभी राहायची. मी तिला भिंतीपासून सोडवायला इथे आणलं होतं आणि इथे हे वेगळंच लागलं मागे. संदीपला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, म्हाताऱ्या बायकांचं जमतं आपसात." जमतं काय, कपाळ.

जानेवारीत बेरिटबाई घरातून निघून जायला लागल्या. स्लीपर घालून, कोटाशिवाय. एकदा पोस्टमनने बसस्टॉपवरून आणून सोडलं. डेव्हिडने केअर होम ठरवलं, त्याच्या घराजवळचं. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात हलवणार होता. कुंपणापाशी मला सांगायला आला तेव्हा म्हणाला, "तिला काय सांगायचं होतं ते मला आता कधीच कळणार नाही, नाही का?" मी काय बोलणार? माझी आई गप्पा मारून गुहेपर्यंत पोचली आहे, असं सांगू? त्याने मलाही कुठेतरी ॲडमिट केलं असतं.

आई मात्र म्हणाली, "जागा सांगायची आहे तिला. कुठली ते येत नाही. ती गेली की कोणालाच नाही कळणार."

त्या वर्षी रथसप्तमी आली ती नेमकी त्या बर्फाच्या सोमवारी. लंडनच्या बसेस बंद पडल्या होत्या तो सोमवार, इथल्या वाचकांना आठवत असेल. मी घरीच. संदीप आदल्या रात्रीच बर्मिंगहॅमला गेलेला, तो तिकडेच अडकला. आणि आईला अंगणात दूध उतू घालायचं होतं, कारण ते घरात गॅसवर घालत नाहीत, सूर्याला दिसलं पाहिजे. म्हटलं, आई, सूर्य कुठाय? ढग बघ. "आहे तो. तुला दिसत नाही म्हणून काय झालं." गोवऱ्या नाहीत, तर उन्हाळ्यात उरलेलं बार्बेक्यूचं ॲल्युमिनियमचं ताट आणि कोळसे काढले. मी फावड्याने बर्फ बाजूला केला. आईने साडीवर माझा ओव्हरकोट चढवला, डोक्याला मफलर, आणि बर्फावर हळदीने सूर्य काढला. कोळसे पेटले, पातेलीत दूध ठेवलं. धूर सरळ वर जात होता.

धूर बघून पलीकडचं दार उघडलं. बेरिटबाई बाहेर आल्या, मागून त्यांचा कोट घेऊन डेव्हिड. तो आदल्या संध्याकाळी सामान बांधायला आला होता आणि रस्ते बंद म्हणून राहिला होता. बाई कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. निखाऱ्यांकडे बघत होत्या. एक शब्द बोलत नव्हत्या. हे मी पुन्हा लिहिते, कारण मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते – त्यांचे ओठ मिटलेले होते.

आईने माझं मनगट पकडलं. "थांब. सांगून राहिली ती. तू त्याला सांग, मी म्हणते तसं."

"आई, प्लीज. आत्ता नको."

"सांग त्याला."

आणि आई बोलायला लागली. न थांबता, पोथी वाचतात तसं सलग. मी तिच्या मागोमाग इंग्रजीत. पहिली दोन वाक्यं मी लाजेने बोलले. नंतर लाज वगैरे राहिली नाही.

गुहेत मुलगी झाली. नाव लिव् ठेवलं. सूर्य गेल्यावर झाली आणि सूर्य यायच्या आत गेली. आईला दूध आलं नाही. क्रूस लावता येईना, बोटीवरून दिसला असता. म्हणून आई आणि आजोबांनी तिला दगडांखाली ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी बेरिटला जागा दाखवून पाठ करून घेतली. लढाई संपली की पाद्र्याला दाखव. पण वसंतात आजोबा गेले, आई हॉस्पिटलात गेली ती आलीच नाही, बेरिटला दक्षिणेला कोणाकोणाकडे पाठवलं. तिने दाखवलं नाही. मग वर्षं गेली, आणि इतकी वर्षं का नाही सांगितलं म्हणून कोणी विचारेल, ही लाज. आता जागा माहीत असलेली ती एकटीच.

"जागा," आई म्हणाली. "गुहेकडे पाठ करायची. एक ओढा आहे, तो समुद्रापर्यंत पोचत नाही, गोट्यांमधे जिरते. जिरते तिथे उभं राहायचं. डोंगराकडे पाहायचं. काळा खडक आहे, मधून दुभंगलेला. त्याच्या पोटाशी."

डेव्हिडचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो मला नाही, आईला विचारत होता, "काय नाव म्हणालात?"

"लिव्," आई म्हणाली. त्याला दुभाषी लागला नाही.

तो वळला आणि स्वतःच्या आईला म्हणाला, "लिव्?"

बेरिटबाईंनी त्याचा चेहरा दोन्ही हातांत धरला. "या," त्या म्हणाल्या. हो. तेवढं नॉर्वेजियन मलाही कळतं. मग त्यांनी त्याच्या छातीवर डोकं टेकलं आणि तो बर्फात तसाच उभा राहिला, हातातला कोट हातातच. मी रडत होते. आईही. दूध कधीच उतू जाऊन निखारे विझले होते, कोणत्या दिशेला गेलं ते बघायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी आई चहा घेऊन गेली आणि लगेच परत आली. "आता काही नाही कळत गं. नुसते आवाज येतात." त्या रात्री तिने दोन पोळ्या खाल्ल्या आणि सकाळी उशिरापर्यंत झोपली. आठवड्याने बेरिटबाई केअर होमला गेल्या. डेव्हिड म्हणायचा, ती आता माझा हात धरून रडत नाही, नुसता धरून बसते. एप्रिलमधे त्या गेल्या. झोपेत. मे महिन्यात आई नागपूरला परतली.

जुलैत, शनिवारी दुपारी, डेव्हिडचा मोबाइलवर फोन आला. मागे वारा आणि पक्ष्यांचा गोंगाट. तो तिथे पोचला होता. गुहा सापडली, गावात एका म्हाताऱ्याला ठाऊक होती. ओढा सापडला, खरंच गोट्यांमधे जिरतो म्हणाला. दुभंगलेला खडक. त्याच्या पायथ्याशी शेवाळलेल्या दगडांची रास, माणसाच्या हाताने रचलेली. गावचा पाद्री बरोबर होता. ते काही उकरणार नव्हते, फक्त लाकडी क्रूस लावणार होते. "पण तो डोक्याशी लावायचा असतो," डेव्हिड म्हणाला. "डोकं कुठल्या बाजूला असेल? तुझ्या आईला विचारतेस?"

मी घरच्या फोनवरून कॉलिंग कार्डाने नागपूर लावलं. आई स्वयंपाकघरात होती. विचारलं, तर क्षणभरही न थांबता म्हणाली, "डोकं डोंगराकडे, पाय पाण्याकडे. डोक्याखाली दगड घालून जरा उंच ठेवलंय. सूर्य आला की तोंडावर पडावा म्हणून."

मी ते दुसऱ्या फोनमधे सांगितलं. डेव्हिडने पाद्र्याला सांगितलेलं ऐकू आलं, मग हातोडीचे ठोके. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं.

"आई, हे तू त्या दिवशी नव्हतं सांगितलंस. बेरिटबाईंनी कधी सांगितलं तुला?"

"तिला कुठून माहीत असणार? लहान होती ती. ठेवताना तिला गुहेतच बसवलं होतं."

"मग तुला कोणी सांगितलं?"

"तिच्या आईने," आई म्हणाली. "त्या दिवशी बर्फात ती पण होती ना उभी, कुंपणाशी. तीच तर बोलत होती." आणि मग, "ठेवते आता, फोडणी जळून राहिली."

डेव्हिडने विचारलं, "आणखी काय म्हणाल्या?" मी म्हटलं, काही नाही, आशीर्वाद दिलाय.

यावर तुमच्याकडे काही स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा. माझ्याकडे नाही. आईला मी पुन्हा विचारलेलं नाही. आणि डेव्हिडला अजून सांगितलेलं नाही की त्याची आजी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती.